कायम कामगारांच्या युनियनमध्ये ठेक्यावरच्या माणसांना घ्यावं का? (बेळगाव जिल्हा)

अनगोळ_नाका
नमस्कार मंडळी,
जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेत पाणीपुरवठ्याकडं मी कायम नोकरीला आहे. गावाचं नाव घालत नाही, पुढचं वाचल्यावर कारण कळेल. येत्या रविवारी आमच्या युनियनची सर्वसाधारण सभा आहे आणि त्यात मी एक ठराव टाकलाय: ठेक्यावरच्या माणसांना युनियनचं पूर्ण सभासदत्व द्यायचं, मताच्या हक्कासकट.

माणूस रिटायर झाला की त्याची जागा भरत नाहीत. कागदावर पद मंजूर, खुर्ची रिकामी. थोड्या दिवसांनी तेच काम करायला एजन्सीचा पोरगा येतो, त्याच व्हॉल्व्हवर, तीच चावी घेऊन. आधी गटारवाले गेले, मग दिवाबत्ती, आता पाण्याची पाळी. नवीन प्रस्ताव असा आहे की व्हॉल्व्हमन, पंप ऑपरेटर आणि मीटर रीडिंग एकत्र करून एकाच निविदेत द्यायचं. आज ठेक्यावर जी पोरं आहेत त्यांना पुढं ठेवतील याची हमी त्यात कुठंच नाही. कुठल्या गल्लीतला व्हॉल्व्ह डांबराखाली गेलाय, कुठला अर्धाच फिरवायचा नाहीतर खालची जुनी लाईन फुटते, हे त्या पोरांच्या डोक्यात आहे. नकाशात नाही.

आमच्या ज्येष्ठांचा विरोध आहे. ते म्हणतात, "आपलं थोडं उरलंय, तेही जाईल. साहेब म्हणतील ही ठेकेदाराच्या माणसांची युनियन, बोलणीच बंद." मला पटत नाही. पण याच लोकांनी मागं लढून आम्हाला पगारश्रेणी मिळवून दिली, त्यांचं म्हणणं उडवून लावणार नाही.

तुमच्या खात्यात असं झालंय का? एकत्र आल्यानं काय झालं? कायद्याचं कुठं अडतं? रविवारी मला उभं राहून बोलायचंय.

कॅम्प_कॉर्नर
वाचतोय. पाणीखात्याचा माणूस सापडलाच आहे तर विचारून घेतो, आमच्याकडं पाणी पहाटे तीनला येतंय. वेळ बदलंल काय ओ?

अनगोळ_नाका
@कॅम्प_कॉर्नर, तुमच्याकडं कॅन्टोन्मेंट बोर्ड. माझी चावी तिथवर पोचत नाही अण्णा. :)

वडगावचा_माग
माझं मत कडू लागेल, तरी लिहितो. मी विणकर. आम्हाला ना पगारी सुट्टी, ना पेन्शन, सुताचा भाव चढला की माग बंद. गल्लीत पाईप फुटला आणि कायम माणसाला फोन केला तर "बघतो" म्हणतो. ठेक्यावरचा पोरगा सायकल मारत येतो आणि काम करून जातो. मग कायमवाल्यांच्या जागा राहाव्यात म्हणून आम्ही का उभं राहायचं? नोकरी टिकवायची असेल तर आधी लोकांचं काम करा.

शहापूरची_सून
@वडगावचा_माग, तुमचा राग समजतो. पण तो पोरगा चांगलं काम करतो म्हणून त्याला काय मिळतं, तेही बघा.

माझ्या सासूबाई पौरकार्मिक, म्हणजे पालिकेचे रस्ते झाडणाऱ्या. पहाटे अंधारात हजेरी, मग ढकलगाडी घेऊन रस्ता. ठेकेदाराच्या काळात पगार मुकादमाच्या हातून यायचा आणि त्यातले काही पैसे त्याच्याच हातात राहायचे. पीएफ कापलेला स्लिपवर दिसायचा, खात्यावर दिसायचा नाही. हातमोजे मागितले की "पुढच्या महिन्यात". २०१७ च्या सुमारास कर्नाटकात रस्ते झाडणाऱ्यांसाठी ठेकेदार काढून पालिकेनं थेट पगार द्यायचं ठरलं. पहिल्यांदा पूर्ण पगार स्वतःच्या खात्यावर आला तेव्हा त्यांनी पासबुक आणून मला तीन वेळा वाचायला लावलं.

हे आपोआप झालं नाही. आणि थेट पगार म्हणजे कायम नोकरी नव्हे, म्हणून जुलै २०२२ मध्ये राज्यभर काम बंद केलं. चार दिवसांत शहरांचे रस्ते कचऱ्यानं भरले आणि सरकार बोलायला आलं. त्यानंतर ११,१३३ पौरकार्मिकांना कायम करायचा निर्णय झाला.

पण अनगोळ_नाका दादा, रविवारी सांगाल ते हे: त्या निर्णयात झाडणारे आले, कचऱ्याच्या गाड्यांचे ड्रायव्हर, लोडर बाहेर राहिले. एकच कचरा. झाडणारी पालिकेची, उचलणारा ठेकेदाराचा. संपात खांद्याला खांदा लावून उभे होते, निर्णयात वेगळे झाले. सासूबाईंना ते अजून लागतं. आमच्या शेजारचा पोरगा त्याच गाडीवर आहे.

बसस्टँड_चौक
+१. आमच्या भागातली गाडी चालवणारा अजून ठेक्यावरच आहे.

स्टेअरिंगवाला
मी बसकडचा. मी विरोधात लिहितोय, राग नको.

एप्रिल २०२१ चा संप आठवा. सहाव्या वेतन आयोगाप्रमाणे पगार द्या म्हणून राज्यातल्या चारही महामंडळांच्या गाड्या थांबल्या. दोन आठवडे ताणलं. कोरोनाची दुसरी लाट, कोर्ट, दबाव. शेवटी कामावर यावं लागलं आणि मागं काय राहिलं? बडतर्फी, निलंबन, लांबलांबच्या बदल्या, केसेस. घरात कमावता एकच, त्याची बदली दोनशे किलोमीटरवर, बायको पोरांना घेऊन इथं. अशी घरं मी बघितलीत.

आणि ही कायम माणसांची गत. ठेक्यावरच्याला तर नोटीसही लागत नाही. ठेकेदार फोन करून सांगतो, उद्यापासून येऊ नकोस. त्याला युनियनमध्ये घेतलात आणि दुसऱ्या दिवशी काढला, तर युनियन त्याच्या घरी किराणा भरणार काय? सभासद करणं म्हणजे जबाबदारी घेणं. तेवढी ताकद नसेल तर पावती फाडू नका. इलेक्ट्रिक गाड्यांवर कंपनीचे ड्रायव्हर आलेत, त्यांच्याशी आम्ही बोलतो, चहा पितो. युनियनमध्ये या म्हटलं की पोरं खाली बघतात.

अनगोळ_नाका
@स्टेअरिंगवाला, राग कसला. माझ्या मनातली भीती तुम्ही लिहिलीत. सभासद केल्याबद्दल काढलं तर आपल्याकडं करण्यासारखं काय आहे? कायद्यातलं कुणी सांगंल काय?

पाटील_गल्ली
कामगार कोर्टात बरीच वर्षं काढलीत, म्हणून थोडं लांब लिहितो.

पहिली गोष्ट, सभासदत्व. ठेक्यावरच्या माणसानं युनियनमध्ये येऊ नये असं कायद्यात नाही. तुमच्या घटनेत 'नगरपालिकेचे कायम कर्मचारी' असं लिहिलं असेल तर घटना बदला आणि बदल निबंधकाकडं नोंदवा. एवढंच.

दुसरी, कायम होण्याचा प्रश्न. यातला सगळ्यात मोठा निकाल आपल्याच राज्यातला, उमादेवी, १० एप्रिल २००६, पाच न्यायाधीशांचं घटनापीठ. विक्रीकर खात्यातल्या रोजंदारीवरच्या लोकांचं प्रकरण. कोर्टानं म्हटलं, मागच्या दारानं लागलेल्यांना कायम होण्याचा हक्क नाही. मंजूर पदावर, पात्रता असून, कोर्टाच्या आदेशाच्या आधाराशिवाय दहा वर्षं काढली असतील, त्यांचा एकदाच विचार करा. पुढं प्रत्येक खात्यानं त्यातलं पहिलं वाक्य पाठ केलं आणि दुसरं विसरलं.

डिसेंबर २०२४ मध्ये जग्गो खटल्यात सुप्रीम कोर्टानं खात्यांचे कान धरले. सेंट्रल वॉटर कमिशनकडं वर्षानुवर्षं सफाई आणि बागेचं काम करणारी माणसं, त्यांना काढून काम बाहेर दिलं होतं. कोर्टानं त्यांना परत घ्यायला आणि कायम करायला सांगितलं. उमादेवीचा आधार घेऊन लोकांना राबवून घेणं चालणार नाही, आणि आउटसोर्सिंगची ढाल करता येणार नाही, असा निकालाचा रोख आहे.

तिसरी, एजन्सीमार्फत लागलेल्यांना हा रस्ता अवघड. २००१ च्या सेल (स्टील अथॉरिटी) निकालापासून ठेका बंद झाला तरी माणूस आपोआप मूळ मालकाचा होत नाही. ठेका फक्त कागदावर होता, हुकूम पालिकेचाच चालायचा, हे सिद्ध करावं लागतं. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, कागद जपा. हजेरीच्या वहीचा फोटो, साहेबांनी दिलेला कामाचा आदेश, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला 'अमुक गल्लीत पाणी सोड' हा मेसेज, ओळखपत्र, पीएफचं पासबुक. ठेकेदार बदलतो तेव्हा मधे चार दिवसांची मोकळी जागा ठेवतात, त्या चार दिवसांत काम केल्याचा पुरावा तर सोन्यासारखा जपा.

चौथी, @स्टेअरिंगवाला यांच्या प्रश्नाला धरून. काढल्यावर धावण्यापेक्षा काढायच्या आधी वाद नोंदवा. लेबर ऑफिसच्या समेट अधिकाऱ्यापुढं वाद चालू असताना त्या वादाशी संबंधित सेवाशर्ती एकतर्फी बदलता येत नाहीत. म्हणजे निविदा उघडायच्या आधी लेबर ऑफिसला अर्ज गेला पाहिजे, नंतर नाही.

निपाणीकर
@पाटील_गल्ली, त्या जग्गो निकालाच्या पीठावर न्या. विक्रम नाथ यांच्याबरोबर न्या. प्रसन्न वराळे होते. वराळेसाहेबांचा जन्म आमच्या निपाणीचा! आधी कर्नाटक हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती होते. निपाणीकरांनी हे अभिमानानं सांगायचं नाही तर कुणी.

पलीकडचंही सांगतो. महाराष्ट्रात ६ सप्टेंबर २०२३ ला जीआर निघाला, नऊ एजन्स्यांमार्फत सरकारी कामाला माणसं घ्यायची. शिपायापासून इंजिनिअरपर्यंत. रस्त्यावर कायम कर्मचारी उतरलेच, पण जास्त जोर स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्या पोरांचा होता. ऑक्टोबरमध्ये सरकारनं तो जीआर रद्द केला. दोन महिने सुद्धा टिकला नाही. नोकरी असलेला आणि नोकरी मिळवायला बघणारा एका बाजूला आले की काय होतं ते आम्ही सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या अल्याड बसून बघितलं.

कॅम्प_कॉर्नर
मग आपल्याकडची परीक्षेची पोरं कुठं आहेत? अडीच लाखांवर जागा रिकाम्या आहेत म्हणून सरकारच सांगतंय. लायब्ररीत जागा मिळत नाही इतकी पोरं बसलेत.

सीमावासी_५६
त्या जागा भरल्या तरी मराठी पोरांना काय मिळणार? जाहिरात कन्नडमध्ये, पेपर कन्नडमध्ये. ठेक्याचा करारनामा कन्नडमध्ये, आमची माणसं न वाचता सही करतात. आधी भाषेचा हक्क, मग युनियन.

हिरेबागेवाडी
नमस्कार री. मी घरात कन्नड, गल्लीत मराठी. ग्रामपंचायतीत वॉटरमनच्या कामाला आहे.

@सीमावासी_५६, न वाचता सही करणारी माणसं कन्नडही आहेत. करारनामा इतक्या बारीक अक्षरात असतो की मला सुद्धा दोनदा वाचावा लागला. आमच्या तालुक्यात आम्ही एक नियम केलाय, कागद आला की आधी गटासमोर मोठ्यानं वाचायचा, कन्नडमधून वाचून लगेच मराठीतून सांगायचं, मग सही. मोर्चात चन्नम्मा चौकापासून डीसी ऑफिसपर्यंत 'बेके बेकु, न्याय बेकु' (हवाच हवा, न्याय हवा) सगळेच ओरडतात आणि 'घेतल्याशिवाय राहणार नाही' पण सगळेच ओरडतात. ठेकेदार पगार कापताना भाषा विचारत नाही.

सीमावासी_५६
वाचून सांगायचा नियम चांगला आहे, तो मान्य. पण मराठीतून कागद मिळणं हा आमचा हक्क आहे, मेहरबानी नव्हे. ते सोडणार नाही.

हिरेबागेवाडी
सोडू नका. त्या मागणीवर माझीही सही घ्या.

संपादक_मदतनीस
सीमाप्रश्नाचा धागा वेगळा चालू आहे, पुढची चर्चा तिकडं करा. इथं मूळ प्रश्नाकडं येऊ.

तारेवरचा
वीजखात्यातून रिटायर. पोलवर आयुष्य गेलं.

आमच्या वेळी लाईनवर चढायच्या आधी सबस्टेशनमधून लाईन बंद केल्याचा परवाना घ्यायचा, रजिस्टरला नंबर पडायचा, आणि चढणारा आणि बंद करणारा एकमेकांना आवाजावरून ओळखायचे. तार हातात घेण्याआधी डिस्चार्ज रॉड लावून दोन्ही बाजूंनी अर्थिंग करायचं. हे शिकवणारा जुना माणूस बरोबर असायचा. आता जुना माणूस रिटायर होतो आणि त्याच्या जागी ठेक्यावरची दोन पोरं, ज्यांना शिकवायला कुणी नाही.

एका पावसाळ्यात अशा एका पोराला शॉक लागला. फीडर बंद होता, मागून कुणाच्या तरी जनरेटरचा करंट आला. दवाखान्यात त्याच्या बापानं विचारलं, हा कुणाचा माणूस? खातं म्हणतंय ठेकेदाराचा, ठेकेदार म्हणतोय पोटठेकेदाराचा, पोटठेकेदाराचा फोन बंद. इएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड निघालंच नव्हतं. पोरगा वाचला, उजवा हात गेला. त्याच्या बाजूनं अर्ज लिहायला युनियन नव्हती, कारण तो सभासद नव्हता. आम्ही कायमवाल्यांनी वर्गणी काढली आणि घरी गेलो. वर्गणी आणि हक्क यात फरक असतो.

अनगोळ_नाका, तुमच्या ज्येष्ठांना माझा नमस्कार सांगा आणि ही गोष्ट सांगा.

शहापूरची_सून
तात्या, वाचून पाणी आलं डोळ्यात. त्या पोराचं पुढं काय झालं?

तारेवरचा
नुकसानभरपाईचा दावा घातला, एका ओळखीच्या वकिलानं फी न घेता चालवला. मिळाली, पण फार उशिरा.

मच्छे_फाटा
सभेत पैशाचा हिशोब पण मांडा. आउटसोर्स स्वस्त पडतं हे खोटं आहे. माणसाचा पगार, त्यावर पीएफ-इएसआय, त्यावर एजन्सीचं कमिशन, आणि या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. तेवढ्यात थेट माणूस ठेवता येतो.

पाटील_गल्ली
@मच्छे_फाटा, सरसकट असं बोलू नका, मुख्याधिकारी लगेच पकडतील. पालिकेला पाणी, सफाई अशा तिच्या घटनादत्त कामांसाठी नुसती माणसं पुरवली, साहित्य नाही, तर त्या सेवेला जीएसटीतून सूट आहे. वीज कंपनी, बस महामंडळ यांना मात्र लागतो. पालिकेसाठी कमिशनचा मुद्दा घ्या, आणि दर निविदेला नवीन माणूस शिकवण्यात जाणारा वेळ आणि फुटणाऱ्या लाईनी यांचा हिशोब घ्या. तो पालिकेच्याच दुरुस्तीच्या बिलांत सापडेल.

आणखी एक. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्यात. मूळ कामात ठेका नको असं त्यात म्हटलंय, पण सफाई, पहारा, कँटीन अशी कामं मूळ कामातून वगळलीत. वगळणीला एक अट आहे: ती आस्थापना त्याच कामासाठी स्थापन झालेली नसेल तर. आता पाणी देणं आणि गाव स्वच्छ ठेवणं यासाठी नाहीतर नगरपालिका कशासाठी स्थापन झाली? हा मुद्दा लेखी घाला. आणि ठेकेदारानं पगार बुडवला तर तो द्यायची जबाबदारी मूळ मालकावर, ही तरतूद जुन्या १९७० च्या ठेका कामगार कायद्यात होती, नव्यातही आहे.

स्टेअरिंगवाला
@पाटील_गल्ली, संपाचं काय?

पाटील_गल्ली
आधी फक्त लोकोपयोगी सेवांना नोटिशीची सक्ती होती, आता सगळ्यांनाच १४ दिवस आधी नोटीस. पाणीवाल्यांना ती सवय आहेच. समेट चालू असताना संप बेकायदा ठरतो, हेही लक्षात असू दे.

बसस्टँड_चौक
डिसेंबरच्या विधिमंडळ अधिवेशनात बेळगावच्या सुवर्णसौधसमोर बसा की. कोंडसकोपला मांडव असतातच.

शहापूरची_सून
बसलोय आम्ही. तिथं एका दिवसात किती संघटना असतात, अंगणवाडीवाल्या, आशा, अतिथी उपन्यासक (तासिकेवरचे प्राध्यापक), शेतकरी. मंत्री येतात, निवेदन घेतात, फोटो होतो, पुढच्या मांडवात जातात. जायचं तर एकच मागणी घेऊन जा आणि उत्तर लेखी मागा. आम्ही बारा मागण्यांचा कागद दिला होता, त्यातली कुठली धरायची ते त्यांनीच ठरवलं.

वडगावचा_माग
सगळं वाचलं. तारेवरचा तात्यांची गोष्ट मनाला लागली. तरी माझी मागणी सोडत नाही. युनियननं स्वतःहून सांगावं की तक्रार आली तर इतक्या तासांत माणूस जाईल, आणि गेला नाही तर युनियनकडं दाद मागता येईल. मग मी आमच्या गल्लीच्या सह्या गोळा करून देतो.

अनगोळ_नाका
मंडळी, सभा झाली. जमेल तेवढं लिहितो.

तारेवरचा तात्यांची गोष्ट मी वाचून दाखवली. पाटील_गल्ली यांचा समेटाचा मुद्दा सांगितला, त्यावर सगळ्यात जास्त प्रश्न आले. ज्येष्ठांतले दोघे शेवटपर्यंत विरोधात राहिले. तिसरे म्हणाले, सभासद करा पण पहिली तीन वर्षं अध्यक्ष-सेक्रेटरी कायम माणूसच हवा, म्हणजे बोलणीला जाणाऱ्याला ठेकेदार एका फोनवर काढू शकणार नाही. हे मला पटलं. ही दुरुस्ती धरून ठराव मंजूर झाला, पूर्ण सभासदत्व, मताच्या हक्कासह. फरक फार मोठा नव्हता. वर्गणी ठेक्यावरच्यांना निम्मी.

स्टेअरिंगवाला, तुमचा किराण्याचा प्रश्नही मांडला. कायम सभासदांनी दर महिन्याला वेगळा निधी काढायचा असं ठरलंय, रक्कम कार्यकारिणीत ठरेल. त्यावर थोडी कुरकुर झाली.

@वडगावचा_माग, तुमचा विषय वेळेअभावी राहिला. पुढच्या सभेत पहिला घेणार, तसं इतिवृत्तात लिहून घेतलंय.

निविदा अजून उघडलेली नाही. लेबर ऑफिसला अर्ज या आठवड्यात गेला पाहिजे.

पाटील_गल्ली
अर्जाबरोबर नव्या सभासदांची यादी जोडू नका. नावं लगेच ठेकेदाराकडं पोचतात. 'सभासदांच्या वतीनं युनियन' एवढंच लिहा, यादी समेटाच्या बैठकीत मागितली तरच द्या.

वडगावचा_माग
पुढची सभा कधी ते कळवा. बाहेरच्या माणसाला बसू देत असतील तर मी येतो.

हिरेबागेवाडी
अर्जाचा कन्नड मसुदा तयार केलाय, खाली मराठीही घातलंय. ठेकेदाराचा लायसन्स नंबर आणि वर्क ऑर्डरची तारीख रिकामी आहे, तेवढी भरून घ्या. व्यनि (व्यक्तिगत निरोप) बघा.